वीतभर पाण्याचा हट्ट

पहिल्यांदा तो पक्षी पाहिला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी फेकलेला प्लास्टिकचा चमचा बगळ्याच्या चोचीला अडकलाय.

असं वाटायला कारण होतं. कर्जतहून खोपोलीकडे येणाऱ्या रस्त्यापासून आत, अर्ध्या तासाच्या चालीवर आमचं गाव. गावामागं तळं, आणि तळ्यापलीकडच्या उतारावर गेल्या काही वर्षांत उभी राहिलेली फार्महाऊसं. शनिवार-रविवारी तिथं गाड्या येतात, गाणी लागतात, आणि सोमवारी सकाळी वाऱ्यानं उडालेल्या प्लेटा, ग्लास, चमचे तळ्याच्या काठाला लागलेले असतात. त्या दिवसांत मी रोज सकाळी तळ्याच्या बांधावरून चालत होते. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते आणि डॉक्टरांनी दम भरला होता, बसून राहिलात तर नवा गुडघाही जुना होईल.

तर तो पांढरा पक्षी पाण्यात उभा होता आणि त्याच्या लांब काळ्या चोचीच्या टोकाला काहीतरी चपटं, गोल होतं. तो मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवत होता, न थांबता. मला वाटलं, बिचारा चमचा झटकून टाकायला धडपडतोय. मी चपला काढल्या, साडी खोचली आणि उतरले. पाणी वीतभरच होतं. पण त्याखालचा चिखल हातभर आहे हे मला चौथ्या पावलाला कळलं. नव्या गुडघ्याचा पाय जो रुतला तो निघेना. दुसऱ्यावर जोर दिला तर तोही गेला. पक्ष्यानं माझ्याकडे एकदा लाल डोळ्यानं पाहिलं, दहाएक पावलं लांब गेला आणि पुन्हा मान हलवायला लागला.

माझी थोरली जाऊ बांधापलीकडे वालाच्या शेंगा तोडत होती. भात निघालं की आमच्याकडे त्याच ओलीवर वाल टाकतात. तिनं मला पाहिलं, टोपली खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय गं, नव्या गुडघ्यानं मासं धराया उतरलीस?"

"वैनी, तो बगळा बघा! चोचीत चमचा अडकलाय त्याच्या. उपाशी मरेल तो."

तिनं डोळ्यांवर हाताची सावली धरून पाहिलं. मग ती जी हसायला लागली ती बांधावर बसलीच. "अगं, चमच्याच हाय तो! त्याची चोचच तशी हाय. देवानं दिलेला चमचा काढाया निघालीस तू?"

तिनं मला ओढून बाहेर काढलं. बांधावर काढलेल्या चपलांपैकी एक वाचली, दुसरी कुत्र्यानं नेली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की बाई पक्ष्याच्या तोंडातला चमचा काढायला तळ्यात उतरल्या होत्या.

गावात मला सगळे बाईच म्हणतात. माझं माहेर कर्जतचं, शिक्षकांचं घर. या गावच्या शाळेत नोकरीला आले, इथल्याच माणसाशी लग्न केलं आणि इथंच राहिले. छत्तीस वर्षं मुलांना शिकवलं. मोर, पोपट, कावळा, चिमणी यांच्यावर किती निबंध तपासले असतील याची गणती नाही. आणि शाळेपासून हाकेच्या अंतरावर दर हिवाळ्यात उतरणारा हा पक्षी मला माहीत नव्हता. लोक हसले याचं काही वाटलं नाही. पण हे लागलं.

मग मी अभ्यासाला बसल्यासारखी त्या पक्ष्यांच्या मागं लागले. कर्जतच्या वाचनालयातून पक्ष्यांचं पुस्तक आणलं. त्यातही नाव चमच्याच; मी नुसतं चमचा म्हणायला लागले. पुतण्यानं, म्हणजे या जाऊबाईंच्या मुलानं, कुठून तरी दुर्बीण मागवून दिली. "काकी, आता उतरू नको हां पाण्यात, काठावरनं बघ," म्हणाला. तो बांधकामाची कंत्राटं घेतो. उमदा मुलगा. माझ्या ऑपरेशनच्या वेळी आठ दिवस दवाखान्यात तोच होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं त्याच्याशीच माझं भांडण झालं आणि ऐकणाऱ्याला तो वाईट वाटायला नको.

त्या हिवाळ्यात पाच चमचे होते. सकाळी ऊन तळ्यावर आलं की ते एका ओळीत उभे राहायचे आणि चालायला लागायचे. भातलावणीच्या बायका ओळीनं मागं मागं सरकतात. हे ओळीनं पुढं जायचे. चोच अर्धी उघडी, पाण्यात बुडवलेली, आणि मान एका लयीत इकडून तिकडे. अंगणात खराटा मारावा तशी पाण्याची झाडलोट चाललेली. मला आधी वाटायचं, एवढ्या गढूळ पाण्यात यांना दिसतं तरी काय? पुस्तकात वाचलं की त्यांना बघायची गरजच नसते. चोचीच्या त्या चपट्या टोकाला स्पर्श कळतो. बारीक मासा, कोळंबी, पाणकिडा त्या उघड्या चमच्याच्या मधून गेला की चमचा मिटतो. नाकपुड्या चोचीच्या वर, पार मुळाशी असतात, म्हणून चोच पाण्यात असतानाही श्वास चालू राहतो. मी हे जाऊबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे आमी रात्री वीज गेली की डब्यातली साखर हुडकतो तसं." मी छत्तीस वर्षांत इतकं नेमकं उदाहरण दिलं नसेल.

त्यांच्या मागं मागं दोन-तीन खरे बगळे फिरायचे. चमच्यांनी चिखल ढवळला की त्यातून उसळलेलं पटकन टिपायचे. "बघ, आयतं खाणारी जात," जाऊबाई म्हणायच्या. लांबून बघणाऱ्याला सगळेच पांढरे सारखे दिसतात. पण उडाले की फरक कळतो. बगळा मान मुडपून छातीशी घेतो. चमचा मान सरळ पुढं ताणून उडतो, लांब काठी फेकावी तसा. आणि बसला की पुन्हा वेगळाच. दुपारी खाणं झालं की एका पायावर उभा राहून एवढी मोठी चोच पाठीच्या पिसांत खुपसायचा. चमचा कुठं गेला ते कळू नये, नुसता कापसाचा ढीग.

फेब्रुवारी संपत आला तसं त्यांच्यात आणखी काही बदललं. मानेच्या खाली फिकट पिवळा पट्टा उमटला, हळदीचा हात पुसल्यासारखा. डोक्यामागं पिसांची शेंडी आली. वारा मागून आला की ती पुढं डोळ्यांवर यायची आणि तो इतका भारदस्त पक्षी एकदम परीक्षेला उशीर झालेल्या मास्तरासारखा दिसायचा. काळ्या चोचीचं टोकही पिवळंधमक. आणि या सगळ्या थाटात आवाज मात्र नाही. इतर पक्षी कलकलाट करतात. हा जवळजवळ मुकाच. भांडण झालं किंवा प्रेम आलं तर चोचीवर चोच खटखट वाजवतो, तेवढंच. मला त्याचं फार नवल वाटलं. माझं सगळं आयुष्य बोलण्यात गेलं होतं.

मार्चमध्ये पाणी आटलं आणि ते गेले. पुढच्या डिसेंबरात परत आले, सहा. त्यातल्या एकाची चोच अजून गुलाबीसर होती, म्हणजे तरणा होता. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला चमचा नसतोच. साधी आखूड चोच असते, मग वाढता वाढता टोकाला पसरत जाते. मी त्याच्यावर खास नजर ठेवून होते. तो ओळीत नीट चालायचा नाही. मध्येच थांबायचा, शेजारच्याच्या चोचीत डोकवायचा, मग मागं राहिलो म्हणून धावत ओळ गाठायचा. दर वर्गात असा एक असतोच.

त्याच महिन्यात ग्रामपंचायतीच्या कार्यालयाबाहेर मोठा रंगीत फलक लागला. तलाव सुशोभीकरण. चित्रात आमचं तळं ओळखूही येत नव्हतं. चारी बाजूंनी दगडी भिंत, वर रेलिंग, मधोमध कारंजं, काठाला दिवे. आणि निळ्या पाण्यावर हंसाच्या आकाराच्या चार पांढऱ्या बोटी, त्यांच्या पोटात हसणारी कुटुंबं.

मी त्या फलकापुढं बराच वेळ उभी राहिले. खरे पांढरे पक्षी घालवून प्लास्टिकचे आणणार होते.

काम पुतण्याला मिळालं होतं. मी त्याला घरी बोलावून विचारलं, "तळं किती खोल करणार?"

"बारा फूट तरी. बोटीला पाणी नको?"

"आणि कड?"

"कड कसली? सरळ भिंत. पायऱ्या एका बाजूला."

"चमच्याचा पाय किती लांब असतो माहिती आहे का तुला?"

तो हसला. "काकी, तो उडतो ना? दुसरीकडे जाईल."

हे वाक्य मी तेव्हापासून इतक्यांदा ऐकलंय की मला त्याचा वीट आलाय. दुसरीकडे म्हणजे कुठं? पलीकडच्या गावाच्या तळ्याला पाच वर्षांपूर्वीच भिंत झाली. आमच्या मागच्या ओहोळावर प्लॉटिंग झालं. बारा फूट पाणी तर धरणातही आहे, पण तिथं चमचा मधोमध पोहत बसत नाही. त्याला पायावर उभं राहायला वीतभर, फार तर फूटभर पाणी लागतं आणि खाली चिखल लागतो. ज्याला आपण घाण म्हणतो, तेच त्याचं ताट. तळं नाहीसं करायला ते बुजवावंच लागतं असं नाही. सुंदर केलं तरी चालतं.

जानेवारीअखेर ग्रामसभा झाली. सरपंच माझी विद्यार्थिनी. चौथीत असताना गणितात हुशार होती आणि भीड म्हणून नव्हती. मी सभेला जाताना एक घमेलं घेऊन गेले. त्यात तळ्यातलं गढूळ पाणी, थोडा चिखल, आणि जाऊबाईंनी सकाळी धरून दिलेली पाचसहा कोळंब्या.

"बाई, घमेलं कशाला?" सरपंच म्हणाली.

"प्रात्यक्षिक आहे. इकडे ये. डोळे मीट आणि कोळंबी शोध."

सभा खदाखदा हसली. ती पण हसली, पण आली. खुर्चीवरून उठून, पदर खोचून, सगळ्या गावासमोर माझ्या घमेल्यात हात घातला. सवयीनंच तिचा हात डावीउजवीकडे फिरायला लागला. दोन मिनिटांत तिनं एक कोळंबी चिमटीत धरून वर काढली. "सापडली!" चौथीतलाच चेहरा झाला होता तिचा.

"आता हीच कोळंबी बारा फूट पाण्यात सोडते. काठावर उभी राहून शोध बरं."

मग मागून एकजण म्हणाला, "बाई, गावात चमचे काय कमी हायत, म्हणून तळ्यावर पण पाळायचे?"

आता हशा वरच्या कौलांना लागला. मीही हसले, आणि म्हटलं, "गावातले चमचे कितीही खोल पाण्यात जगतात रे. तळ्यावरचे नाही जगत."

हशा झाला, टाळ्याही पडल्या, पण मतं काही पडली नाहीत. एका वयस्क माणसानं उठून सांगितलं की गाव पुढं जायचं म्हटलं की बाहेरच्यांना त्रास होतो. बाहेरच्या म्हणजे मी. चाळीस वर्षं मी या गावचं पाणी पितेय. त्या माणसाच्या दोन्ही मुलांना मी बाराखडी शिकवली आणि त्यांच्या पाटीवरचा पहिला 'ग' गावातलाच काढून दिला. मी तसं बोललेही. त्यानं मान फिरवली.

ठरावाच्या विरोधात दोन हात वर झाले. एक माझा. दुसरा कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याचा, ज्याला ऐकू येत नाही. त्यानं हात कशासाठी वर केला होता ते मला आजही माहीत नाही, पण मी तो मोजला.

ठराव मंजूर झाला आणि मी घमेलं घेऊन घरी आले. उरलेल्या कोळंब्या जाताजाता तळ्यात सोडल्या. त्या संध्याकाळी मला खरोखर वाटलं होतं की संपलं.

दोन दिवसांनी पुतण्या आला. चहा घेतला, गुडघ्याची चौकशी केली, मग म्हणाला, "काकी, तुझ्या खाचरातनं वाट पाहिजे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तळ्याला दोन बाजूंनी जाता येतं. एक वाट गावातून, घरांच्या मधून, जिथून बैलगाडी किंवा लहान ट्रॅक्टर जेमतेम जातो. दुसरीकडून फार्महाऊसांकडे जाणारा रस्ता जवळ, पण रस्ता आणि तळं यांच्यामध्ये आमचं भाताचं खाचर पसरलेलं. मिस्टर गेल्यापासून ते माझ्या नावावर आहे. डंपर आणि मोठं मशीन आणायचं तर तिथूनच.

"महिनाभराचा प्रश्न हाय. वाल निघाला की खाचर मोकळंच पडतं. नंतर बांध घालून, माती टाकून देतो परत."

"नाही."

"का नाय?"

"कारण ग्रामसभेत सांगितलं. घमेल्यासकट."

"ठराव झालाय काकी. आख्ख्या गावाचा."

"तळ्याचा झाला. खाचराचा नाही."

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "काका असते तर नाय म्हणाले नसते."

खरं होतं. ते भांडण टाळणारे होते. बसमध्ये आपल्या जागेवर दुसरा बसला तर उभं राहून यायचे. ते हो म्हणाले असते आणि आठ दिवस मुकाट्यानं तळ्याकडे बघत बसले असते. पण ते नव्हते, मी होते. मी त्याला तेवढंच सांगितलं. तो कप न विसळता निघून गेला, जे त्यानं कधीच केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं खालापूरला गेले आणि माझ्या नावाचा ताजा सातबारा काढून आणला. खिडकीतल्या माणसानं विचारलं, कर्ज घ्यायचंय का विकायचंय? मी म्हटलं, बसायचंय. त्याला कळलं नाही, पण कागद दिला.

मग महिना वाईट गेला. जाऊबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मुलाचं काम अडलेलं, लोक त्यांना येताजाता टोचत होते. दुकानात मी गेले की बायकांचं बोलणं थांबायचं. कुणीतरी माझ्या दारावर खडूनं चमच्याचं चित्र काढलं. चित्र बरं होतं, पण चोचीचं टोक चुकलेलं. मी ओल्या फडक्यानं टोक पुसून बरोबर काढलं आणि बाकीचं तसंच ठेवलं. सरपंच दोनदा येऊन गेली. "बाई, तुमी समजून घ्या, माझ्यावर पण दबाव हाय." मी तिला म्हटलं, "मी समजून घेतलंय. आता तू समजून घे."

आणि सगळा वेळ ते सहाजण तळ्यात ओळीनं झाडलोट करतच होते. त्यांना कशाचा पत्ता नव्हता. मला त्याचाही कधीकधी राग यायचा.

वाल निघाल्याच्या चौथ्या दिवशी, सकाळी आठच्या सुमाराला, रस्त्यावर मशीन येऊन उभं राहिलं. मागं दोन डंपर. मला शेजारणीनं सांगितलं. मी घरातली प्लास्टिकची खुर्ची उचलली, पिशवीत सातबारा, पाण्याची बाटली आणि छत्री घातली, आणि खाचराच्या तोंडाशी, जिथं बांध तुटका आहे तिथं, खुर्ची टाकून बसले.

पुतण्या आला. त्याच्या मागं आठदहा माणसं. "काकी, उठ."

"नाही."

"लोकांसमोर तमाशा करू नको."

"मी बसलेय. तमाशा तुम्ही आणलाय, चाकांवर."

"मी पोलिसांना बोलवीन हां."

"बोलव. कागद घरात विसरलेले नाहीत." मी पिशवीवर हात ठेवला. मला त्याची भीती वाटत नव्हती. भीती याची वाटत होती की तो रडेल. लहानपणी तो चिडला की आधी ओठ मुडपायचा, आणि आत्ता तसेच मुडपले होते.

त्यानं पोलिसांना बोलावलं नाही. नुसता येरझारा घालत राहिला. मशीनवाला खाली उतरला आणि झाडाखाली बसला. परमुलखातला होता, त्याला हे काय चाललंय ते कळेना. ऊन चढलं. मी छत्री उघडली. माणसं एकेक करून पांगायला लागली, कारण म्हातारी बाई खुर्चीवर बसलेली बघण्यात फार काळ मजा नसते.

दुपारी बांधावरून जाऊबाई आल्या. डोक्यावर टोपली. महिन्याभरात पहिल्यांदा समोरासमोर. मुलाकडे त्यांनी पाहिलं नाही. माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या, टोपलीतून तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं काढलं.

"खा."

"वैनी, तुम्ही इथं नका बसू. तो तुमचा मुलगा आहे."

"माझाच हाय. त्यालापण आणलंय." त्यांनी एक भाकरी वेगळी काढली आणि ओरडल्या, "ये रं! खाऊन घे. भांडाण काय पळून जात नाय."

तो आला नाही. लांबून म्हणाला, "आई, तू पण तिच्याच बाजूची?"

"मी कुणाच्या बाजूची नाय. पण खाचर तिचं हाय. ती नाय म्हणते ना? नाय म्हंजे नाय. बाईमाणसानं नाय म्हटलं तर ते कुणाला आयकूच येत नाय का रं?"

इतकं मोठ्यानं ती बाई माझ्यासमोर कधी बोलली नव्हती. मी आजवर तिला साधी समजत आले होते. मी तिच्या हातची भाकरी घेतली आणि अर्धी मोडून तिच्यापुढं ठेवली.

चार वाजता मशीन वळून गेलं.

पण काम थांबलं नाही, हेही सांगायला हवं. पुतण्यानं गावातल्या वाटेनं लहान ट्रॅक्टर लावले आणि गावाकडची बाजू खणायला घेतली. ट्रॅक्टरनं जेवढं होतं तेवढं झालं: अर्धं तळं. तिथं दगडी भिंत आहे, रेलिंग आहे, दोन हंसबोटी आहेत. कारंजं आहे, ते चालत नाही. माझ्या खाचराकडची बाजू जशी होती तशीच राहिली, उथळ, चिखलाची, लव्हाळ्याची. लोक म्हणतात, बाईंनी अर्धं तळं वाचवलं. मी म्हणते, अर्धं गेलं. गेलेल्याचं कौतुक मला करता येत नाही, आणि तडजोड म्हणून मी त्याला कधी मान दिलेला नाही. मी तडजोड केलीच नव्हती. मी फक्त उठले नव्हते.

त्या वर्षी चमचे खणण्याच्या आवाजानं लवकर गेले. पुढचा पावसाळा मला फार लांब वाटला. मी खाचरात भात लावलं, काढलं, आणि त्या साली वाल टाकला नाही. तळ्याकडचा बांध थोडा फोडला आणि पाणी खाचराच्या खालच्या तुकड्यात येऊ दिलं. लोक म्हणाले, बाईंना वेड लागलं, चांगलं शेत नासवतात. माझं शेत, माझं नासवणं.

डिसेंबर गेला, कुणी आलं नाही. जानेवारीच्या मध्यावर एका सकाळी जाऊबाईंनी अंगणातून हाक मारली, "बाय गं, चल लवकर!" आम्ही दोघी बांधावर गेलो. सातजण होते. खाचरातल्या पाण्यात, माझ्या भाताच्या खुंटांमधून, मान डावीउजवीकडे करत ओळीनं येत होते. मी मोजले, पुन्हा मोजले. गुलाबी चोचीचा त्यांत होता का ते मला सांगता येणार नाही; वर्षभरात चोची काळ्या होत जातात. थोड्या वेळानं त्यांच्यातल्या दोघांनी चोची वाजवल्या, खट खट खट, आणि जाऊबाई म्हणाल्या, "बघ, भांडतात पण कसे गपगुमान."

पुतण्या आता बोलतो. कप विसळून ठेवतो. त्या दिवसाचा विषय तो काढत नाही, मीही काढत नाही. यंदा मात्र त्यानं नवीन काढलंय. फार्महाऊसवरची माणसं कॅमेरे घेऊन चमचे बघायला यायला लागली आहेत. हंसबोटींकडे कुणी फिरकत नाही. "काकी, पक्षी बघायला लोक येतात, तुलाच आनंद व्हायला पाहिजे," तो म्हणतो. "खाचराच्या वरच्या तुकड्यात थोडी खडी टाकू. चार गाड्या उभ्या राहतील. पक्ष्यांसाठीच हाय ना?"

मी नाही म्हटलं. पक्ष्यांसाठीसुद्धा नाही. ज्यांना पक्षी आवडतात त्यांच्यासाठीही नाही. ज्याला चमचा बघायचाय त्यानं गाडी हमरस्त्यावर ठेवावी आणि चालत यावं, चिखल लागला तर लागू द्यावा. मला प्रेमळ माणसांचीही खडी नको आहे.

त्यानं तरीही रस्त्याच्या कडेला बाण काढलेला 'पार्किंग'चा फलक लावला. मी तो काढून घरी आणला. आठ दिवसांनी त्यानं दुसरा लावला, मी तोही काढला. तिसरा लावला तर तिसराही काढीन. फलक चांगल्या वाळलेल्या लाकडाचे असतात, आणि बिरडं चुलीवरच चांगलं शिजतं.